चौरंग कुणासाठी मागवला होता?

आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत बायको बसलेली आहे आणि मी उभा आहे. एवढ्यावरून जाणकारांनी काय ते समजून घ्यावं. पुढे ओंकार झाला, आणि घरात एक तरी माणूस आपल्याकडं मान वर करून बघतंय या आनंदात माझी काही वर्षं बरी गेली. मग तो शिकायला पूर्णेला आजोळी गेला.

आजोळची मंडळी दारातून वाकून जाणारी! ओंकार रोज व्हिडिओ कॉलवर दिसायचा. पण फोनवर माणसाचं तोंड दिसतं, पाय कुठं दिसतात? गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या कानापर्यंत होता, तेवढाच तो माझ्या डोक्यात राहिला.

यंदा वैशाखात सोनपेठला अक्काच्या पोरीचं, पियूचं लग्न निघालं. मामाची जागा नवरीच्या मागं. तिथं उभा राहिलो असतो तर व्हिडिओत माझा फक्त फेटा आला असता. म्हणून ती जागा मी दादाला दिली आणि अंतरपाट आम्ही बापलेक धरू, असं जाहीर करून टाकलं. वर मांडववाल्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "आमचं लेकरू लहान हाय, त्याच्या पायाखाली एक चौरंग ठेव." (हे वाक्य सोनपेठेत अजून चालू आहे.)

अक्काला एकच घोर. तिच्या लग्नात अंतरपाट वाऱ्यानं उडाला होता आणि तिनं भावजींना वेळेआधी बघितलं होतं. पुढं भावजींनी जे जे केलं ते त्या वाऱ्यामुळंच, अशी तिची पक्की खात्री. तिनं मला बाजूला घेऊन बजावलं, "शेवटच्या अक्षता पडेपर्यंत पोरीला त्याचं तोंड दिसायला नको. दिसलं, तर तुझं तोंड मी बघणार न्हाई."

पूर्णेची मंडळी एसटी चुकल्यामुळं ऐन मुहूर्तावर पोचली. मांडवात एक लंबाचवडा पोरगा माझ्या पायाला वाकला. वरपक्षाचा असेल म्हणून मी त्याला जेवून जायचा आग्रह केला.

"पप्पा, मीच हाय," तो म्हणाला आणि सरळ उभा राहिला. तो सरळ होईपर्यंत माझी मान दुखायला लागली. खरं सांगतो, छातीही फुगली आणि नजर त्या चौरंगाकडंही गेली. बायको मात्र शांतपणे म्हणाली, माझ्या माहेरचं पाणी मानवलं बघा त्याला.

तेवढ्यात गुरुजींनी अंतरपाट हातात दिला. ओंकारच्या बाजूनं तो नवरदेवाच्या तुऱ्याला लागला, माझ्या बाजूनं हनुवटीशी आला. मी हात ताणून वर केले. पण अक्काच्या नणंदांनी प्रत्येकीनं स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती! दुसरीला माझे हात थरथरायला लागले, तिसरीला उतरायला लागले.

"मामा, फेटा दिसायलाय," पियू पुटपुटली.

पुढच्या कडव्याला ती म्हणाली, "मामा, भुवया दिसायल्यात."

बापाची कीव येऊन ओंकारनं गुडघे वाकवले. उतार गेला, पण आता सगळाच अंतरपाट खाली आला. पियूनं डोळे गच्च मिटले. समोरून अक्का माझ्याकडं जे बघायला लागली ते सांगण्यासारखं नाही.

ओंकारनं गुडघे सरळ केले, पायानं तो चौरंग हळूच माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, "पप्पा, चढा."

एकीकडं माझी इज्जत, दुसरीकडं पोरीचा संसार. चढलो! चौरंग कुणासाठी मागवला होता हे अख्ख्या मांडवाला ठाऊक होतं. गुरुजींना 'सावधान' म्हणता येईना, ते पदराआडच्या बायांसारखे उपरण्याआड हसायला लागले. पण अंतरपाट दोरीत धरल्यासारखा सरळ राहिला. अक्षता पडल्या, तेव्हाच पियूनं डोळे उघडले. अक्का अजून माझं तोंड बघते.

अंतरपाट धरलेल्या त्या वेळच्या फोटोत मी ओंकारपेक्षा उंच आहे. तो मोठा करून आम्ही बैठकीत लावलाय. फोटोवाल्याला सांगून चौरंग तेवढा खालून कापून घेतला. त्याच्यासोबत माझे पायही गेले म्हणा, पण तिथं तसंही फार काही नव्हतं.