डोहावरून दिलेली बातमी

बसा हो, चहा टाकलाय. तोवर मी माझ्या धडधाकट सासऱ्यांना कसं मारलं, ते ऐका. हसू नका! म्हणजे हसालच, मला माहितेय.

माझे सासरे साताऱ्याकडचे. मी त्यांना मामा म्हणतो. पंचाहत्तरी उलटली, पण पोरवयापासून विहिरीत उड्या मारलेला माणूस. गावची विहीर बुजवली आणि त्यांचं पोहणंच बंद झालं. दर मे महिन्यात मामा-मामी आमच्याकडे पनवेलला येतात. मामा पंख्याखाली बसून एकच म्हणतात, "पाव्हणं, अंग बुडंल एवढं पाणी दावा की कुठंतरी!"

मामी काही सोडायला तयार नव्हत्या. शेवटी गेल्या वर्षी मी छाती पुढे काढून म्हटलं, "मामी, मी आहे ना बरोबर!"

आता ज्याला स्वतःला पोहता येत नाही, त्यानं असं बोलावं का? पण बोललो.

माथेरानच्या डोंगराला, आपल्या बाजूनं, गाडी ठेवून बरंच चढून गेलं की एक धबधबा आहे. पावसाळ्यात तिथं जत्रा असते. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी, पण खाली कातळात डोह भरलेला. हिरवा, गारेगार. आणि चिटपाखरू नाही! मामांनी कपडे काढले आणि धाडकन सूर मारला. काय खुलला होता हो तो माणूस!

मी काठावर करवंदं खात बसलो. जरा वेळानं बघतो तर काय, मामा डोहाच्या मधोमध उताणे. डोळे मिटलेले. हालचाल नाही.

"मामा!" उत्तर नाही. "ओ मामा!" बोंब ठोकली. शेजारी खडा टाकला. तरी ढिम्म!

फोन काढला, तर रेंज नाही. मग मी काय केलं? डोंगर चढलो! धापा टाकत, काट्याकुट्यांनी ओरबाडून घेत. वर एक काडी रेंज आली. बायकोला फोन लावला आणि तोंडातून काय निघावं? "अगं, तुझे आबा गेले!"

पलीकडून किंकाळी, आणि फोन कट. 'मदत पाठव' म्हणायचं होतं हो, ते राहूनच गेलं.

रडत खाली आलो. मामा कातळावर बसून डोकं पुसतायत! शेजारी एक बकऱ्यावाला. तो माझ्यावरच खेकसला, "दादा, व्हतात कुठं तुमी? आजोबा कवापासून हाका मारतात, तुमी नायच!"

"मामा, तुम्ही... तुम्ही हलत नव्हता!"

"आवं, पाण्यावर निवांत पडलो हुतो. कान पाण्यात. डुलकी लागली जरा."

परत डोंगर चढलो. आता बायकोचा फोन एंगेज, मेहुण्याचा एंगेज, मामींचाही एंगेज. लागणार कसे? बातमी सुटली होती!

गाडीत मामा म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू? मी बुडालो वाटलं, तर मानूस पाण्याकडं पळतो. तुमी डोंगराकडं का पळाला?"

"रेंज नव्हती, मामा."



घरी दारात चपलांचा ढीग. फॅमिली ग्रुपवर मामांचा फेट्यातला फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग. साताऱ्याहून भावकीची जीप निघालेली. शेजारचे काका मला जिन्यातच गाठून कुजबुजले, "सामान सांगून ठेवलंय." तेवढ्यात मागून मामा आले. चपला बघून हळहळत म्हणाले, "कोन गेलं वो?"

काका मटकन पायरीवर बसले.

मामी आधी रडल्या, मग मामांना दंडाला धरून गदागदा हलवलं, मग परत रडल्या. "पुन्हा पाण्यात पाय घालाल तर माझं मेलेलं तोंड बघाल!" मामा मान खाली घालून उभे. जन्मभर पोहलेला माणूस, आणि त्याचं पोहणं मी एका फोनमध्ये संपवलं. फार वाईट वाटलं हो. अजून वाटतं.

यंदा मे लागला तसा मी मामींच्या हातापाया पडलो. कशाबशा विरघळल्या. "बरं, जाऊ देत. पण एकटं न्हाई. जावईबापू बरोबर असले तरच. काय झालं तर निदान कळवतील तरी."

मी धावत बाल्कनीत गेलो. मामा बादलीत पाय सोडून बसले होते.

"मामा, उठा! टॉवेल घ्या! डोहावर जायची परवानगी मिळाली!"

त्यांचे डोळे असे चमकले! अर्धे उठलेसुद्धा. मग थबकले.

"बरोबर कोन, तुमी?"

"हो तर!"

मामा हळूच खाली बसले.

"मग ऱ्हाऊ द्या. बादलीच बरी हाय."