मामांचा हात आणि माझं पत्रक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या सोबत्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आणि दोनदा कागद फाडला. पण मी लिहिणारी. दुसऱ्यांचं खोटं चव्हाट्यावर आणत आले — मग माझं तेवढं झाकून का ठेवायचं?

माझे वडील पत्रकं छापायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ बघ'च्या आधी वाचता यायचे. खरं बोलायचं आणि मोठ्या टाइपात बोलायचं, एवढाच आमच्या घरचा संस्कार.

मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. लोखंडातला केसाएवढा फरक ते बोटाने सांगायचे. लकवा मारला आणि नेमका उजवा हात गेला. खांद्यापासून नखापर्यंत.

त्याच वर्षी शहाद्याच्या एका लहान दवाखान्यात एका ट्रस्टने रोबोट आणला, काही महिन्यांच्या बोलीवर. त्याच्या बाहीत लुळा हात अडकवायचा. मग हात पेला धरायचा, तोंडापर्यंत न्यायचा. बाजूला पडदा आणि पडद्यावर दोन पट्ट्या — हिरवी म्हणजे माणसाचा स्वतःचा जोर, निळी म्हणजे यंत्राचा. काही जणांची हिरवी पट्टी हळूहळू वाढत होती. मामांची नाही. मी रोज त्यांना मोटरसायकलवर घेऊन जायचे, रोज बघायचे. निळी भरून वाहायची, हिरवी मुंगीएवढी.

मग कळलं, ट्रस्ट यंत्र मोठ्या शहरात हलवणार. माझं डोकं फिरलं. धडगाव-मोलगीच्या माणसाला हात नसतात? सारंगखेड्याच्या बाईला भाकरी थापायची नसते? हा प्रश्न खरा होता. आजही आहे. म्हणूनच तर — म्हणूनच मला माझी जास्त लाज वाटते.

यंत्र इथेच ठेवा म्हणून पत्रक काढायचं ठरवलं. पत्रकाला चेहरा लागतो. पत्रकासोबत फिरवायला मी मामांचा व्हिडिओ काढला. पेला उचलला, पाणी प्यायले, मिशीवरून थेंब ओघळला. मोबाइल असा धरला की पट्ट्या दिसू नयेत. व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "तो हात यंत्र उचलतंय, तेवढं लिही हं." मी मान हलवली. आणि लिहिलं — 'लेथवरचा कामगार स्वतःच्या हाताने पाणी प्यायला!'

तुम्ही म्हणाल, चळवळीत होतं असं. मीही मला तेच सांगितलं. पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे. अजून नाही.

व्हिडिओ मी घरी मामांना दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. जीभ जड झालेली, तरी एकेक शब्द जुळवत विचारलं, "भाची, खरं सांग. हाऊ हात मीच उचला ना?"

मामी दारात उभी होती. मामांचे डोळे माझ्यावर. नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "हा मामा. तुम्हीच. यंत्रनं नुसता टेकू दिधा."

दया नव्हती ती. पत्रक छापखान्यात गेलं होतं. उद्या कुणी घरी येऊन मामांना विचारलं, तर त्यांनी हेच सांगावं — एवढंच माझ्या मनात होतं.

यंत्र गेलं. पत्रकं वाटली, निवेदन दिलं, तरी गेलं. व्हिडिओ मात्र मामीच्या मोबाइलमध्ये राहिला. पाहुण्यांना दाखवायची आणि मामांकडे बोट करून म्हणायची, "देखा, यंत्रमा चालस आनि ताटमा चालत नई. घर उना का साहेब व्हई जास तो हात." लोक हसायचे. मामाही हसायचे — आधी.

एकदा दुपारी गेले, तर मामांचा चांगला, डावा हात खुर्चीला बांधलेला. साडीच्या काठाने. समोर ताटात भाकरी, शेवभाजी. मामी म्हणाली, "डावा मोकळा ऱ्हायना तं उजवा आळस करस. भूक लागी तं उचलतीन." तिला दुष्ट म्हणू नका. नवरा हात उचलू शकतो आणि उचलत नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं?

मामांचा खांदा थरथरत होता. हात मांडीवर तसाच. भाजीवर तवंग गोठत चालला होता.

एक वाक्य. मला एक वाक्य बोलायचं होतं. मामीने माझंही ताट वाढलं. मी जेवले. मामांच्या समोर बसून.

त्यानंतर किती वेळा बांधला, मी विचारलं नाही. पुढे मामीच कंटाळली. आता मामा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतात. डाव्या हाताने, कुणी बघत नसताना, खातात. मुलं त्यांना आळशी म्हणतात. मामांनाही ते पटलंय — माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कसं नाकारायचं?

आमच्या घरात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पडतो. गेल्या महिन्यात मी निघाले तेव्हा मामा उठले, वाकले आणि डाव्या हाताने माझ्या पायाला शिवून म्हणाले, "तू मन्हासाठे एवढं कयं. मन्हा हातघाई काईच व्हयनं नई. राग धरू नको."

मी म्हणाले, "जाऊ द्या मामा. मन्हा काही राग नई."