उंब्रजला उतरवलेली कावीळ

आठ महिने झाले, उठल्यापासून मळमळतं. जालंधरला सोनं गाळायच्या दुकानात आम्ही चौघं एकाच भट्टीपुढं बसतो. बाकी तिघं ठणठणीत. पोटात नळी घालून झाली, रक्त तपासून झालं. डॉक्टर म्हणतो, काही नाही. तरी सुट्टी काढली, कारण दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, उंब्रजजवळची सोयरीक जमवत आणली होती. फोटोतली सुरेखा मला आवडली होती.

पुण्यापर्यंत रेल्वे, पुढं एसटी. माझ्यासारख्यानं पुढची खिडकी धरावी आणि पोट रिकामं ठेवू नये. शिरवळला कोरडे चिरमुरे घेतले, तेवढेच टिकले. तेही खंबाटकी घाटापर्यंत. घाटात डोळे मिटू नका. मी मिटले आणि पिशवी भरली.

उंब्रजला दाजी गाडी घेऊन उभे होते. माझं तोंड बघून म्हणाले, "इचारलं तर कावीळ झालीया म्हणायचं."

"पण न्हाई झाली, दाजी."

"गड्या, कावीळ बरी हुतीया. बिननावाच्या दुखण्याला पोरगी कोण दील?"

रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, मधनं कच्ची वाट, शेवटाला सुरेखाचं घर. जेवायला भाकरी आणि आख्खा मसूर, वर लाल तवंग. दोन घास गेले आणि मी मोरीकडं पळालो. मागनं सुरेखाच्या वडिलांचा आवाज आला, "पाव्हणं घेत्यात काय?"

"छ्या, कावीळ झालीया," दाजी म्हणाले.

"मग आदी सांगायचं की वो."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. सुरेखाची आजी कावीळ उतरवायची. तिनं मला पाटावर बसवलं, हाताला कसल्याशा सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यानं हात धुतले. ताटातलं पाणी पिवळंजर्द झालं.

"बगा, किती साठली हुती," आजी म्हणाली.

दाजी माझ्याकडं बघेनात. मलाही घटकाभर खरं वाटलं. संध्याकाळी सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी कराड, विटा करत कवठे महांकाळला आमच्या घरी. विट्यापुढं ऊस विरळ होतो आणि माळ लागतो. आईनं आळीभर सांगितलं होतं, पोराची कावीळ उतरली. तिनं केलेला ताकभात मी घरामागं जाऊन ओकलो. तिला कळू दिलं नाही.

जालंधरला परतल्यावर सुरेखाचा फोन आला. "तेलकट खात न्हाईसा न्हवं?"

मी सांगून टाकलं, कावीळ नव्हतीच.

तिनं विचारलं, "मग पाणी कशानं पिवळं झालं?"

"ठावं न्हाई."

"आन् आता?"

"आता बी मळमळतंय."

"कशानं?"

"ते बी ठावं न्हाई."

चार दिवसांनी दाजींनी सोयरीक मोडल्याचं कळवलं. "कावीळ हाय म्हणून पोरगी देत हुते. न्हाई म्हणालास, तर नगं म्हणाले."

आई अजून फोनवर येत नाही. दुकानात कुणी विचारलं तर आता पूर्वीसारखं ॲसिडिटी म्हणत नाही. मळमळतंय, का ते कळत नाही, एवढंच सांगतो आणि भट्टीपुढं परत बसतो.