नारळावर हात ठेवायला आम्हाला कुणी बोलावलं नाही

टेंपो दारात येऊन उभा राहिला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आमची आळी एरवी त्या वेळेला नुसती बडबडत असते. कुणी मासळी साफ करतंय, कुणी पापड वाळत घालतंय, कुणाची सून नळावर भांडतेय. त्या दिवशी एकही दार उघडं नव्हतं. लांब जाणाऱ्याच्या हातावर आमच्याकडे दही ठेवतात. ज्या गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं मी गाऊन लावली, तिथं माझ्या हातावर चमचाभर दही ठेवायला कुणी नव्हतं. माझी मुलगी हर्षदा प्लास्टरमधला उजवा हात सांभाळत डाव्या हातानं पातेली टेंपोत चढवत होती. ड्रायव्हर बाहेरचा, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. म्हणाला, "मावशी, गावात कोन मेलंय काय?"

मी म्हटलं, "नाय रे बाबा, सगली जिवंत हायेत. म्हणून तर दारं लावलीत."

हे मी लिहितेय ते मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं उठून भलतीकडे जाऊन बसलेल्यांसाठी. गावाचं नाव घालत नाही. पनवेल तालुक्यातलं, खाडीच्या अंगाचं, एवढं पुरे. आणखीही काही नावं घालणार नाही. का, ते पुढे कळेलच.

मी शिकले चौथीपर्यंत. बाकीचं वाचायला शिकले ते हर्षदाच्या पुस्तकांवर आणि नंतर तिच्या बातम्यांवर. पण मला गावात मान होता तो धवलारीण म्हणून. आमच्या आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई लागते. मांडवापासून हळदीपर्यंत ती गाते, घराण्याची, देवांची नावं घेते, तिच्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. नवरा गेल्यावरही मला कुणी थांब म्हटलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला एवढं येतच नव्हतं. मी शिकले माझ्या आईकडून, माहेरी, आपटा गावात, नदीच्या काठी. आई एकच गोष्ट सारखी सांगायची, "बाय, आवाज पाडू नको. मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलापन आयकू गेलं पायजे." घशात दुखलं तरी ती तेच सांगायची.

हर्षदा पनवेलच्या एका पेपरात बातमीदार होती. आधी शाळांचे कार्यक्रम, रस्त्याचे खड्डे, असलं लिहायची. तोवर ती गावाची लाडकी. आमच्या गावच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो छापून आणला तेव्हा त्यानं स्वतः घरी पेढे पाठवलेले.

मग मिठागराची बातमी आली. आमच्या खाडीला बंद पडलेली मिठागरं आहेत. तिथं कारखान्याचं काळं पाणी टँकरनं आणून सोडत होते, आणि वर डेब्रिज टाकून जागा सपाट करत होते, पुढं प्लॉट पाडायला. भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला सोडणारी आमची उघाडी त्या भरावाखाली गेली. खाडीच्या चिखलात निवटे मासे पकडायला उतरलं की पायाला फोड यायचे. सगळ्यांना माहीत होतं. टँकर चोरून येत नव्हते हो, भर दुपारी यायचे, गाव जेवून आडवं झालं की. काँट्रॅक्ट त्याच पुढाऱ्याचं.

हर्षदाला हे सांगितलं गावातल्याच एका माणसानं. टँकर कुठल्या वाटेनं येतात, राखणदार जेवायला कधी जातो, कुठं उभं राहिलं की नंबरप्लेट दिसते, सगळं. हर्षदा गेली, फोटो काढले, बातमी छापून आली.

तुम्हाला वाटेल गावानं तिला खांद्यावर घेतलं असेल. गावकी बसली. काळं पाणी कुणी सोडलं यावर नाही, बाहेर कुणी सांगितलं यावर.

आमच्याकडची पद्धत अशी, की खरंखोटं करायचं तर गावदेवीपुढे नारळ मांडतात आणि घरटी एक बाप्या, म्हणजे पुरुषमाणूस, येऊन त्यावर हात ठेवतो. देवीसमोर नारळावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही, अजूनही नाही, खिशात कितीही मोठा फोन असो. एकेक उठला, हात ठेवला, "मी सांगलं नाय" म्हणाला आणि बसला. आमच्या घरात बाप्या नाही म्हणून आमचं घर मोजलंच नव्हतं. आम्ही बायका देवळाच्या मागच्या ओट्यावर बसून बघत होतो.

ज्या माणसानं हर्षदाला सांगितलं होतं ती माझ्या शेजारीच बसली होती, पान चघळत. होय, बाई होती. तिनं माझ्या कानाला लागून म्हटलं, "आय शपथ, आपले बाप्ये जल्मात पयल्यांदा सगले एकदम खरं बोलतान."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरीसाठी रडतेय.

सगळं गाव निर्दोष निघालं. देवीपुढं झालेलं, त्यामुळे पुढाऱ्याला काही बोलता येईना. बायकांना विचारावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बायकांना काय कळतंय काँट्रॅक्टमधलं. खाडीत उतरतं कोण, निवटे विकतं कोण, पायाला फोड कुणाच्या, एवढं जरी आठवलं असतं तरी पुरे होतं. मी आज हे लिहितेय ते त्याच बाईला विचारून. ती म्हणाली, "बाई होती एवढं लिव. नाव नको, पोरं आजून तिथंच हायेत." आता बसा सगळ्या बायकांना नारळावर हात ठेवायला लावत. दुपारचं जेवण कोण करेल त्याचा विचार आधी करा.

मग त्यांनी हर्षदाला उभं केलं. पुढारी गोड आवाजात म्हणाला, "पोरी, तू आपलीच हायेस. नाव सांग, नायतर बातमी खोटी होती म्हणून नारलावर हात ठेव. विषय संपला."

हर्षदा म्हणाली, "बातमी खोटी असती तर सांगणाऱ्याला एवढं शोधलंच नसतंत, काका."

नाव तिनं सांगितलं नाही. मला वाटलेलं, आता पोरगी घाबरेल. पण नाव नाही.

आम्हाला वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना. खाडीच्या गावात मीठ मिळेना, बघा. दळण नाही, पाण्याची पाळी नाही. माझ्याशी बोलेल त्याला दंड. आणि लग्नाचे दिवस आले तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. स्पीकरवर कुणाचे तरी धवले लावून नवरीला हळद लावली. मी घरात बसून ऐकत होते. घराण्याची नावंसुद्धा भलत्याच कुणाची तरी घेतली होती.

पोलिसांकडे गेलो. साहेब म्हणाले, "बहिष्कार टाकलाय म्हणता, तर लेखी दिलंय का कुणी?" वाळीत टाकायला बंदी करणारा कायदा आहे आपल्याकडे, पत्रकारांवर हात टाकणाऱ्यांसाठीही आहे. हर्षदानं दोन्ही मोबाइलवर उघडून दाखवले. साहेबांनी चष्मा लावून वाचले, मान हलवली आणि म्हणाले, "गावचा मामला आहे, आपसात मिटवा."

ते मिटवणं झालं कोन गावाच्या रस्त्याला. मोटारसायकलवरच्या दोघांनी हर्षदाच्या स्कूटरला लाथ घातली आणि पडलेल्या पोरीच्या मनगटावर रॉड घातला. उजव्याच. लिहिते तो. तिच्याच पेपरात बातमी आली, 'महिला पत्रकार अपघातात जखमी'. अपघात! संपादक फळं घेऊन आले आणि म्हणाले, "थोडे दिवस सुट्टी घे, तब्येत सांभाळ." ती सुट्टी अजून चालू आहे.

मला पुढाऱ्याचा राग आहेच, पण त्याच्याकडून मी वेगळी अपेक्षा केली नव्हती. माझा सगळ्यात जास्त राग त्या 'अपघात' लिहिणाऱ्या बोटांवर आहे. तुमची बोटं तर धड होती ना?

धरून उभी राहिली ती परकी माणसं. रफीक म्हणून एक फोटोग्राफर, दुसऱ्याच पेपरचा, हर्षदाचा एरवीचा स्पर्धक. तो पनवेलच्या बाजारातून पिशव्या भरून आणायचा, पीठ, तेल, मीठ. "चाची, किलोभर नमक लाया हूँ, पूरा दरिया खारा कर दो," म्हणायचा. तो आणि आणखी काही पत्रकार पाळ्या लावून आमच्या ओटीवर बसायचे, म्हणजे रात्री दगड आला तर साक्षीला कुणी असावं. एका वकीलबाईंनी केस घेतली, ती अजून चालू आहे. रफीकनंच ओळखीतून हर्षदासाठी बडोद्याचं काम शोधलं. जायच्या आदल्या दिवशी हर्षदा म्हणाली, "आई, मी पळतेय का गं?" मी म्हटलं, "तुला हाकललंय. पळाले ते दारं लावून आत बसलेले."

टेंपो पळस्प्याच्या नाक्याला वळणार, तोच रस्त्याच्या कडेला काही बायका उभ्या दिसल्या. बाजाराला म्हणून सांगून आलेल्या. टेंपो थांबवला. एकीनं हातावर दही ठेवलं, उन्हानं आंबट झालेलं. दुसरीनं सुक्या बोंबलांचं गाठोडं मांडीवर टाकलं. आणि लगेच बाजाराच्या वाटेला लागल्या. कोण होत्या ते विचारू नका.

आता बडोद्यात सातव्या मजल्यावर राहते. लोक चांगले आहेत, "माजी, केम छो" करतात, लिफ्टमध्ये पिशवी धरतात. डाळीत गूळ घालतात, त्याचीही सवय झाली. पण ते बोंबील भाजायला घेतले तर सोसायटीचे सेक्रेटरीभाई दारात. "माजी, आ बधुं अहीं नथी चालतुं." तिथं बातमी चालत नव्हती, इथं बोंबील चालत नाही. गाठोडं कपाटात कपड्यांच्या मागे आहे. साड्यांना खाडीचा वास येतो. येऊ दे.

हर्षदाचं मनगट पावसाळ्यात दुखतं. डाव्या हातानं टाइप करायला शिकली. एका वेबसाइटसाठी लिहिते, तिथल्या संपादिका दर संध्याकाळी फोन करून आधी घरी पोचलीस का विचारतात, मग बातमीचं बोलतात. हे साधं विचारायला आमच्या संपादकाला काय जड होतं?

आणि मध्यंतरी एक फोन आला. गावातून, व्हिडिओ कॉल. एका घरी हळद होती. हळदीच्या खोलीत बाप्ये येत नाहीत. पोरींनी मोबाइल हळदीच्या ताटाला टेकवून ठेवला होता, मला नवरीची पावलं आणि जात्याचा खुंटा दिसत होता. "मावशी, म्हना," एक जण म्हणाली. "त्या स्पीकरवाल्या बाईला आमची नावं ठावं नायत."

मी सातव्या मजल्यावरच्या किचनमध्ये उभी राहून धवले म्हटले. आधी हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून. मग आईचं आठवलं आणि आवाज सोडला. घराण्याची नावं घेतली, एकही चुकवलं नाही. मध्येच फोनमधून बाहेरच्या अंगणातला पुरुषी आवाज आला. तो आवाज मी ओळखते. पेढे पाठवणारा, गोड बोलणारा. "कोन गातंय गो आत?"

बायका एकसुरात म्हणाल्या, "रेकॉर्डिंग हाय, काका."

"बरी हाय," तो म्हणाला आणि गेला.

नारळावर हात न ठेवता आमच्या बायका किती सफाईनं खोटं बोलतात. हे वाचून आता तो प्रत्येक हळदीला आत येऊन रेकॉर्डिंग तपासेल. तपास म्हणावं, हळदीचा हात तोंडाला लागेल एवढंच.

माझ्या दारावरही तेव्हा टकटक झाली होती, सेक्रेटरीभाई, आवाजासाठी. मी दार उघडलं, गात गातच, आणि ते तिथंच उंबऱ्याशी उभे राहिले. शेवटपर्यंत ऐकून गेले.

घर कुठं आहे म्हणून इथं कुणी विचारलं की मी पनवेल सांगते. आमच्या बंद दाराची किल्ली आहे माझ्याकडे, पण मला घर म्हटल्यावर ते दार आठवत नाही. ती हळदीची खोली आठवते. पण फोनमधून घरी जाण्यावर मी समाधान मानणार नाही, कुणी तसं समजू नका. टँकर अजून येतात, बायका सांगतात. मला त्याच रस्त्यानं यायचंय, हर्षदाच्या मागं स्कूटरवर बसून, गाव जेवून आडवं झालेलं असताना, भर दुपारी.

आणि येताना मी गात येणार आहे. तेव्हा विचारा, कोण गातंय.