बाईंची सावड

आमच्या शाळेच्या बाई मला आठवतात त्या गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या. एका हातात भाताच्या रोपांची मूठ, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, डोक्यावर पावसासाठी कुणाचं तरी उसनं इरलं. खडू धरलेल्या बाई आठवायला मला डोक्याला जरा ताण द्यावा लागतो. याचं कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. मी पुढे महाडच्या दवाखान्यात नर्स झाले, स्वतःच्या पगारावर घर चालवलं, हाताखालच्या पोरींना कामाला लावलं, त्या सगळ्याची सुरुवात त्या चिखलात झाली.

आमची वाडी आंबेनळीच्या घाटाखाली. महाराष्ट्र व्हायला अजून दोनेक वर्षं होती. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. माझे वडीलही त्यांतलेच. शेती सगळी बायकांच्या अंगावर. शब्द मात्र चालायचा तो गावात राहिलेल्या एखाद्या पुरुषाचा, आणि आमच्या घरी तो मान थोरल्या काकांचा होता. काका गोदीतून दमा घेऊन परत आले होते आणि येताना मुंबईची भरपूर मतंही बरोबर घेऊन आले होते. शाळा देवळाच्या पडवीत भरायची. तिथे मुलगे जायचे आणि मुली घरी धाकटी भावंडं सांभाळायच्या. माझ्या कडेवर माझा भाऊ असे. खाली ठेवला रे ठेवला की भोकाड पसरायचा.

नव्या बाई आल्या त्या पाचवारी पातळात, पायांत चपला, बोलणं पुस्तकी. आल्या आल्या घरोघर फिरून त्या मुली मागू लागल्या. आमच्या ओटीवर काकांनी त्यांना चहा पाजला आणि वर सुनावलं, की पोरगी शिकली तर सासरहून पत्रं लिहून गाऱ्हाणी धाडत बसेल. बाई म्हणाल्या, त्यासाठीच तर शिकवायचंय. त्यावर काकांनी पुढचा चहा विचारला नाही. मी दाराआडून ऐकत होते. शाळा म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं, पण देवळातून पोरांचे पाढे ऐकू यायचे आणि मला ते त्यांच्यात बसून म्हणायचे होते, एवढं पक्कं कळत होतं. बाई रिकाम्या हातानं परत गेल्या तेव्हा मी दाराआडून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. रडले मात्र नाही. रडायचं काम भाऊ करत होता.

मग लावणीचे दिवस आले आणि शाळेला सुट्टी लागली. आमच्याकडे लावणी सावडीनं व्हायची. आज वाडीतल्या बायका मिळून तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी कुणी कुणाला देत नसे. दिवसाला दिवस फेडायचा. ज्या घरानं सावड बुडवली त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नसे, आणि पाणवठ्यावर त्या घरच्या बाईला मान खाली घालून घागर भरावी लागे.

बाई सुट्टीत घरी गेल्या नाहीत. एक दिवस आमच्या खाचरात माणसं कमी पडली, तेव्हा त्या कुणी न बोलावता लुगडं नेसून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. आता या पुस्तकी बाई घसरून चिखलात बसणार, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी मूठ सोडली आणि चिमटीत काड्या धरून सपासप लावत मागं सरकू लागल्या. तेव्हा कळलं की त्या वरंधकडच्या शेतकऱ्याच्या लेक. त्यानंतर त्या ज्या घरी माणूस कमी त्या घरी गेल्या, आणि नेमक्या त्याच घरी, जिथे शाळेच्या वयाची मुलगी होती. आम्हां कुणालाही त्यात काही दिसलं नाही. बाईंना हौस आहे, असं म्हणून मोकळ्या झालो.

लावणी उरकल्यावर बाईंनी पाणवठ्यावर आई आणि चार बायकांना गाठून विचारलं, की माझी सावड कधी फेडताय. बायका हसल्या. आई म्हणाली, बाई, तुमचं शेत कुठं हाय?

"माझं शेत देवळात हाय," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आमच्यासारखं 'हाय' पहिल्यांदाच ऐकलं. "तिथं माणूस लागतंय. तुमच्या पोरी पाठवा."

बायकांचं हसणं थांबलं. यात काय डाव होता ते मला पुढे मोठेपणी उमगलं, आणि अजून आठवलं की बाईंची पाठ थोपटावीशी वाटते. मुलगी शाळेत घालायची का, हे पुरुषांना विचारावं लागे. सावड कशी फेडायची, हे मात्र बायकाच ठरवत. त्यात कधी कुणा काकाचं चाललं नव्हतं.

पण आमचे काका गप्प बसणारे नव्हते. संध्याकाळी ते आईला म्हणाले, की बाईनं अख्ख्या माणसाचं काम केलं, पोर म्हणजे अर्धं माणूस, त्या पोरीनं ही सावड कशी फिटेल? आई दाराआडून म्हणाली, "खरं हाय तुमचं, भावजी. मग एका दिसाला दोन दिस पाठवते."

काकांनी पानदान पुढं ओढलं आणि दुसरं पान लावायला घेतलं.

अशी मी शाळेत गेले, सावड फेडायला. आणखी पाच-सहा जणी होत्या. आमची भावंडं त्या दिवसांपुरती घरोघरच्या म्हाताऱ्यांनी कुरकुरत सांभाळली. कागदावर आम्ही विद्यार्थिनी असू, वाडीच्या हिशेबी मात्र आम्ही कामावर जात होतो. बाई पण अशा हुशार, की सावड फिटूच देईनात. फिटत आली की नाचणीच्या बेणणीला, तण उपटायला हजर, ती झाली की भाताच्या कापणीला. रविवार त्यांनी कधी स्वतःसाठी ठेवला असेल असं वाटत नाही. हात भेगाळलेले, त्याच हातानं पाटीवर सुबक अक्षर काढून द्यायच्या. मला त्या अक्षरापेक्षा त्या हातांचंच वेड लागलं होतं. बाईमाणसानं शेतातही काम करावं आणि पगारही आणावा, कुणापुढे हात पसरू नये, असं असू शकतं हे मी पहिल्यांदा बघत होते.

झोडणी संपली, भात कणगीत गेलं, आणि बाईंना करण्यासारखं काम वाडीत उरलं नाही. मी उरलेले दिवस बोटांवर मोजत शाळेत बसले. शेवटच्या दिवशी काकांनी ओटीवरून जाहीर केलं की सावड फिटली, उद्यापासून पोर घरी. ते रीतीला धरूनच बोलत होते. आईही काही बोलली नाही, आणि त्याचा मला काकांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला कडेवर घेऊन अंगणात उभी होते. देवळातून प्रार्थना ऐकू येत होती. आई गोठ्यातून आली, हात धुतले, भावाला माझ्या कडेवरून काढून घेतलं आणि आपल्या पाठीशी बांधलं. मला म्हणाली, पाटी घे.

काकांनी विचारलं, सावड फिटली ना?

"बाईंची फिटली," आई म्हणाली. "ही पोर दोन वर्सं माझं पोर वागवते, म्हणून मी शेतात जाते. हिची सावड कुणी फेडलीय?"

आईनं मला फाटकाकडे ढकललं. "जा गो. तुझी मला फेडायची ऱ्हायलीय."

मी गेले. तोवर मला वाटायचं की आई काम करते आणि मी नुसती भावाला घेऊन बसते; मीही काम करत होते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कुणी सांगितलं.