एक गाऱ्हाणं राहिलं

“एक ऱ्हवला.”

गाऱ्हाणं संपलं, मी दिव्यापुढून उठायला लागलो की आमची ही असं म्हणायची. एक राहिलं. शेवटच्या संध्याकाळीही म्हणाली. मी अर्धा उठलेला, गुडघ्यावर हात. परत बसलो. राहिलेलं तिने सांगितलं, मी देवाच्या कानावर घातलं, ती “व्हय म्हाराजा” म्हणाली आणि आम्ही जेवायला बसलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. काय राहिलं होतं ते पुढे सांगतो.

आमच्या कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात. एकाने म्हणायचं, बा देवा म्हाराजा, अमक्याची अशी अडचण आहे, ती दूर कर. बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. सणावाराला असतं ते. आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत रोज असायचं, कारण हिची काळजी सणवार बघत नव्हती. काळजी तिची, तोंड माझं. शेजारची वहिनी म्हणायची, “काका, तुमचो देव रजा घेता की नाय?”

तुमच्याही चाळीत असेल अशी एखादी बाई. दुसऱ्याचं पोर शिंकलं तरी हिच्या छातीत धडधड. मी गिरणीत होतो आणि ही घरी खानावळ चालवायची. गाव सोडून आलेले एकटे गडी जेवायला यायचे. त्यांना ती भात वाढायची आणि वाढता वाढता त्यांच्या काळज्या काढून घ्यायची. कुणाचा खोकला, कुणाचा गावचा बांध, कुणाची बायको माहेरी जाऊन बसलेली. जेवून ते ढेकर देऊन जायचे. काळज्या आमच्याकडे राहायच्या. संध्याकाळी मी त्या देवाला घालायचो.

मी एकदा वैतागून म्हटलं, “गो, हो खोकलो त्येचो आसा. तो झोपलो, तू कित्याक जागी?”

“त्येका कोण आसा हय?” ती म्हणाली. “कोणीतरी जागा नको?”

मग गिरणी बंद पडली, गडी गावी गेले, खानावळ मोडली. काळजी चालू राहिली.

म्हातारपणी ती विसरायला लागली. आधी डाळीत मीठ दोनदा. मग चाळीचा जिना. खाली भाजी घ्यायला गेली आणि जिन्याखाली उभी राहिली, वर जायचं की खाली ते आठवेना. झील, आमचा मुलगा, आम्हाला परळच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, पण बोलायला बरी.

ती म्हणाली, “आजोबा, माणूस घाबरला की शरीरात एक हार्मोन सुटतं. वाघ मागे लागला तर पळायला ते लागतं. वाघ गेला की ते कमी व्हायला हवं. काही लोकांत ते वर्षानुवर्षं चढलेलंच राहतं. मग मेंदूत आठवणी ठेवायची जी जागा असते, तिला ते त्रास देऊ शकतं.”

मी म्हटलं, “आमच्याकडचा वाघ गेलाच नाही. खोलीतच राहायचा.”

ती हसली. मी हसलो नाही. मग ती म्हणाली, “काळजीनेच झालं असं मी म्हणणार नाही. वय आहे, बाकीही कारणं असतात. गेलेलं परत येईल असंही सांगत नाही. पण त्यांना घाबरवू नका. शांत राहिल्या तर त्यांचं बरं जाईल.”

एवढंच काम आमच्या हातात राहिलं. तिला घाबरू द्यायचं नाही. बाहेर पडल्यावर झील म्हणाला, “बाबा, आधी ते गाऱ्हाणं बंद करा. रोज काळजीची उजळणी कशाला?” बोलणं शिकलेल्या माणसाचं होतं, मला पटलं. बंद केलं.

ती जास्तच घाबरली. दिवेलागणीला उठायची आणि गॅलरीत फेऱ्या मारायची, पदराचं टोक पिळत. “झिलाची धाव्वीची परीक्षा आसा. कोणी देवाक सांगूक नाय.” सून समजवायची, “आई, त्यांची दहावी कधीच झाली. पास झाले ते.” तर ही आणखी कावरीबावरी. “झाली? आणि माका सांगूक नाय? त्येका डबो कोणी दिल्यान?” सून खरं बोलत होती. पण खरं ऐकून हिच्या फेऱ्या वाढायच्या.

एका संध्याकाळी मी उठलो आणि सरळ दिव्यापुढे बसलो. म्हटलं, “बा देवा म्हाराजा, आमचो झील धाव्वीक बसलो आसा, त्येका पास कर रे म्हाराजा.” झील तेव्हाच कामावरून आलेला, दारात बूट काढत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला टक्कल पडलंय, त्याची पोरगी नोकरीला आहे. तो एक बूट हातात धरून म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

हिने पदर सोडला. पोटभर जेवली आणि झोपली.

त्यानंतर गाऱ्हाणं पुन्हा रोज. मिळेल ते घातलं. बंद पडलेल्या गिरणीचा बोनस घातला. मेलेल्या गड्याचा खोकला घातला. सून म्हणाली, “बाबा, देवाशी खोटं बोलता?” मी म्हटलं, देवाला सगळं माहीत असतं. तो काही निकाल बघायला शाळेत जाणार नाही. पुढे पुढे तीसुद्धा पोळपाटावरून पिठाचे हात जोडायला लागली.

हिला माणसं आठवेनाशी झाली. सून कोण, नात कोण, विचारायची. माझ्याबद्दल विचारलं नाही, तेव्हा मला वाटलं मी अजून शिल्लक आहे. मी कुणाला तसं बोललो नाही.

आता ती शेवटची संध्याकाळ. धाव्वी झाली, बोनस झाला, खोकला झाला. मी उठायला लागलो.

“एक ऱ्हवला.”

“काय गो?”

ती माझ्या कानाशी आली. कुणाला वाईट वाटू नये म्हणून हळू बोलली. “ओ, तो म्हातारो. खानावळीत जेवूक येता तो. सगळे जेवान गेले तरी ह्यो जाणा नाय. दिवसभर हयच बसान आसता, माझ्याकडे बघीत.”

खोलीत म्हातारा एकच होता.

“जावंक सांगू त्येका?” मी विचारलं.

“नको ओ! कोण नाय वाटता त्येका. हाडां वर इलीत. माझ्या मागे त्येका कोण विचारतलो? देवाक सांगा, सकाळी त्येका च्या गावांदे. च्यावांगडा चपाती गावांदे. नुसतो च्या घेता, मेलो.”

मी हात जोडले. दिव्याकडे बघून म्हटलं, “बा देवा म्हाराजा, आमच्या खानावळीत एक म्हातारो आसा, त्येका कोण नाय. सकाळी त्येका च्या आणि चपाती गावांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली. मोठ्याने. एवढी मोठ्याने ती बऱ्याच महिन्यांत बोलली नव्हती. मग आम्ही जेवलो. बांगडा होता. काटे मी काढून दिले.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. चेहरा शांत होता. डॉक्टरणीला सांगायला हवं असं वाटलं, पण ते नंतर.

झिलाने फोन केले. माणसं जमली. देवापुढे दिवा लावायचा नाही, सुतक. आमची चूल पेटवायची नाही. मी तिच्या उशाशी बसून होतो. शेजारची वहिनी तिच्या घरून चहा घेऊन आली. मी मान हलवली. झील म्हणाला, “बाबा, घ्या.” मी पुन्हा मान हलवली. वहिनी म्हणाली, “घेवा ओ काका. म्हाताऱ्या माणसाक चलता.”

मी कप हातात घेतला.

“चपाती आसा?” मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको समोर निजवलेली आणि हा चपाती मागतो. सुनेने तोंडाला पदर लावला. वहिनी गेली आणि रात्रीची एक घेऊन आली.

चहात बुडवून सगळी खाल्ली.