ओहोटीच्या वाळूत वसुधाताई

वाळूत काही सापडलं की वसुधाताई ते आधी खिशात टाकत, पायाने खड्डा नीट बुजवत आणि मगच हाती काय लागलंय ते बघत. मी घाई केली की म्हणत, "थांब गं. ते इतकी वर्षं वाळूत थांबलंय, तुला दोन मिनिटं थांबवत नाही?"

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या हॉस्पिटलात त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये. साठीला टेकलेल्या, उंच, आवाज कोरडा. त्यांचे यजमान माधवराव म्हाताऱ्या आईसाठी पुण्यात राहिले होते. ताई सुट्टी साठवून तिकडे जात. करोना आला, सीमा बंद झाल्या आणि ते जाणं थांबलं. मग ताईंनी कुणाचा तरी जुना मेटल डिटेक्टर विकत घेतला. शनिवारी सकाळी ओहोटी असली की आम्ही माझ्या गाडीने समुद्रावर जायचो.

बहुतेक वेळा कॅनची झाकणं निघत. एकदा राजाचा चेहरा असलेली जुनी पेनी निघाली. मी ती टी-शर्टला पुसायला लागले तर ताईंनी काढून घेतली. "घासू नकोस. चकाकेल, पण तिचं वय जाईल."

दुसऱ्या लाटेत पुण्यात माधवराव गेले. देशाबाहेर पडायची परवानगी ताईंना वेळेत मिळाली नाही. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. हे मला आमच्या मॅनेजरने सांगितलं. ताई स्वतः कुणाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्या शनिवारी त्या टोपी घालून, यंत्र घेऊन माझ्या दारात उभ्या.

"ताई, आज राहू दे ना."

"घरी बसून काय करू? कपाटं दोनदा आवरून झाली. चल."

डार्विनमध्ये तेव्हा करोना जवळजवळ नव्हताच. किनाऱ्यावर मुलं होती, कुत्री होती, सगळं नेहमीसारखं. एका जागी यंत्र मोठ्याने वाजलं. ताईंनी हाताने थोडी वाळू सारली आणि थांबल्या. खाली गंजलेल्या लोखंडाचा गोल, जाड भाग दिसत होता. महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले होते, हे इथे सगळ्यांना माहीत असतं.

"मागे हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "वर जाऊन पोलिसांना फोन कर. मुलांना इकडे येऊ देऊ नकोस."

पोलिसांनी फोनवर आम्हालाही लांब राहायला सांगितलं. ताई वर येऊन किनाऱ्यावर उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येईल त्याला परत पाठवू लागल्या. दोन लहान मुलं घेऊन आलेला एक माणूस काही ऐकेना. "नो वरीज, लव्ह," तो हसून म्हणाला, "जुनं भंगार असेल." आणि त्यांना वळसा घालून निघाला.

ताई पुन्हा त्याच्यासमोर गेल्या. "मेट, माय हजबंड डाइड धिस वीक," त्या म्हणाल्या. "आज मला आणखी कुणी मेलेलं बघायचं नाहीये. प्लीज, गो बॅक." मधलं वाक्य मराठीत गेलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्याला ते कळलं नसणार, पण त्याने मुलांचे हात धरले आणि तो मुकाट्याने मागे फिरला.

तो तोफेचा जिवंत गोळा होता. लष्कराच्या लोकांनी तो काळजीपूर्वक उचलून नेला. घरी येताना गाडीत ताई त्याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या: माधवरावांना बेड कसा मिळाला नाही, शेवटच्या फोनवर ते सारखं "तू जेवलीस का?" एवढंच कसं विचारत होते. मी गाडी चालवत राहिले.

सीमा उघडल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि त्या कायमच्या पुण्याला निघाल्या. एअरपोर्टवर मी विचारलं, "तुमचं आणि सासूबाईंचं तर कधीच पटलं नाही. मग तिथे कशाला राहायला जाताय?"

"नाही पटलं, आताही पटणार नाही," ताई म्हणाल्या. "पण त्याच्याबद्दल रोज बोलायला मला त्या आहेत, आणि त्यांना मी. तिसरं कोण आहे?"